साखर दिसली की मी गप्प

मी एक प्रमोटर बोलतोय. गोव्यात मोपाला विमानतळ झाल्यापासून पेडणे तालुक्यात जमिनी दाखवत फिरणारे प्रमोटर पुष्कळ झालेत, पण त्यांच्यातला मी नव्हे. मी तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. एका जंतूच्या पोटात, त्याच्या जनुकांच्या दोऱ्यावर, एवढीशी जागा अडवून बसलेला असतो. सध्या तो जंतू एका काचेच्या नळीत आहे, नळी प्रेशर कुकरमध्ये आहे, आणि कुकर डिचोलीच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत गॅसवर चढवलेला आहे. शिट्टी व्हायला थोडा वेळ आहे. तेवढ्यात जमेल तेवढं सांगून घेतो, कारण माझ्यामागे माझ्याबद्दल जे सांगितलं जाणार आहे ते खोटं आहे.

आधी माझं काम काय ते सांगतो. जनुक म्हणजे एखादं काम कसं करायचं त्याचा मजकूर. पण तो मजकूर कधी वाचायचा हे त्याच्या तोंडाशी बसलेला प्रमोटर ठरवतो. आमचं मूळ घर माणसाच्या आतड्यात. तिथल्या जंतूला ग्लुकोज मिळत असलं की दुसरं काही पचवायची खटपट आम्ही करत नाही. वाढलेलं ताट समोर असताना चूल कोण पेटवणार? ग्लुकोज संपलं की जंतूच्या पोटात भुकेचा निरोप तयार होतो. तो माझ्यापाशी पोचला की मी उठतो आणि कामाला लागतो. थोडक्यात, साखर असली की मी गप्प, साखर संपली की मी बोलतो. हा माझा स्वभाव आहे आणि तो मी आजपर्यंत बदललेला नाही.

माझ्या या स्वभावाचा उपयोग करून घ्यायचं हर्षाच्या डोक्यात आलं. हर्षा या कॉलेजात एम.एस्सी.ला शिकते, पेडणे तालुक्यातल्या हळर्ण गावाहून रोज स्कूटरने येते. तिच्या आईला, जानकीबाईंना, मधुमेह आहे. बोटाला सुई टोचून घ्यायची त्यांना इतकी भीती की तपासणीचा दिवस आला की त्यांना नेमकं माहेरी काम निघतं. तेव्हा हर्षाला वाटलं, सुई नाही, रक्त नाही, असं काही करता येईल का? नळीत लघवीचे चार थेंब टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी रंग बघायचा. गुलाबी झाली तर साखर नाही. पांढरी राहिली तर साखर आहे. इतकं सोपं, की वाड्यावरची कोणतीही बाई घरच्या घरी बघू शकेल.

तिचे मार्गदर्शक गौरेश सर. उत्साही माणूस. कोणी काहीही विचारलं तरी त्यांचं पहिलं उत्तर, "होईल की!" माझ्या बाबतीतही त्यांनी तेच उत्तर दिलं आणि ते खरं ठरलं, हे मी नाकारत नाही.

मी पुण्याहून बर्फाच्या पेटीत विमानाने मोपाला उतरलो. हर्षाचे वडील जयराम विमानतळावर टॅक्सी चालवतात. मला घ्यायला तेच आले होते. पेटी त्यांनी डिकीत टाकली नाही. पुढच्या सीटवर बसवली, तिला पट्टा लावला आणि एसी पूर्ण उघडला. स्वतः थंडीने कुडकुडत डिचोलीपर्यंत आले. वाटेत पेटीकडे बघून, लेकीसाठी, एकदाच म्हणाले, "माज्या चेडवाचा नाव काढ रे बाबा." इतक्या मानाने मला नंतर कोणी कुठे नेलं नाही.

मग माझी घडण सुरू झाली. हर्षाने मला एका गुलाबी रंगाच्या जनुकापुढे जोडलं. आता मी उठलो की त्या जनुकाचा मजकूर वाचला जाणार आणि जंतू गुलाबी होणार. जोडून झाल्यावर मला जंतूच्या आत घालायचं होतं. त्यासाठी आधी बर्फात ठेवायचं, मग एकदम ऊन पाण्यात धरायचं आणि परत बर्फात. त्या धक्क्याने जंतूच्या कातडीला भोकं पडतात आणि आत शिरता येतं. पहिल्यांदा पाणी जास्त तापलं आणि सगळे जंतू मेले. दुसऱ्यांदा कमी तापलं आणि कोणी आत शिरलंच नाही. आषाढ-श्रावण हेच चाललं होतं. शेवटी एका सकाळी तिने ताटली उघडली तर साबुदाण्याएवढे ठिपके उगवलेले. हर्षा ताटली हातात धरून सगळ्या प्रयोगशाळेत नाचली.

त्या दिवसापासून तिने मला बाबू म्हणायला सुरुवात केली. रोज सकाळी फ्रीज उघडायची आणि आधी मला विचारायची, "कसो आसस रे बाबू?" मग मला ताजं अन्न द्यायची, नळी हलवून उजेडात बघायची. सुटीच्या दिवशीसुद्धा यायची. चवथीला घरी गणपती असताना दुपारी स्कूटर मारत आली होती, मला खायला घालून परत गेली. माणसं देवाला नैवेद्य दाखवतात, तिने त्या दिवशी मलाही उपाशी ठेवलं नाही. मला काय वाटत असेल ते तुम्हीच समजा. मी तिच्यावर जीव टाकला.

काम शिकायला मला वेळ लागला नाही. ग्लुकोजच्या पाण्यात मी पांढरा राहायचो, नुसत्या पाण्यात गुलाबी व्हायचो. मात्र माझा रंग लगेच येत नाही. संध्याकाळी नळी भरली तर सकाळी उत्तर मिळतं. गौरेश सरांना हे जड जायचं. दर थोड्या वेळाने येऊन नळीत डोकावायचे. हर्षा म्हणायची, "सर, तो जीव आहे, घड्याळ नाही." सर हसायचे.

फाल्गुनात काजूचा हंगाम सुरू झाला. जयरामांच्या घरची काजूची झाडं हळर्णच्या डोंगरावर आहेत. जानकीबाई बोंडं वेचतात, तुडवून रस काढतात आणि दाबून ठेवलेल्या चोथ्यातून जो नितळ रस टपकतो तो भांड्यात धरतात. त्याला निरो म्हणतात. दारू व्हायच्या आधीचा ताजा, गोड रस. हंगामात पेडण्यातल्या घराघरांत तो मिठाची चिमूट घालून पितात. जानकीबाईंनी सरांसाठी एक बाटली पाठवली. हर्षाने गंमत म्हणून त्यातला थोडा निरो पातळ करून मला दिला.

मी दुसऱ्या दिवशीही पांढराशुभ्र होतो. हर्षा सरांना म्हणाली, "सर, निरो म्हणजे नुसती साखरच आहे हो."

ती हे घरीही बोलली असावी. कारण दोन दिवसांनी कोणाशी तरी फोनवर हसत हसत सांगत होती, "आये म्हणता, झाडाची साखर लागना नाय. ती देवान घातलेली. डब्यातली ती साखर!" आणि पुढे म्हणाली, "ह्या बायलांका कोण शिकयतलो?" एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि विषयही तिथेच ठेवला.

मला तिथेच टोचलं होतं. मी फक्त साखर ओळखतो. ती झाडाची की डब्यातली, देवाने घातलेली की दुकानदाराने, हे मला कळत नाही. जानकीबाईंच्या रक्तालाही कळत नसणार. पण मला तोंड नाही, आणि हर्षाला त्या वेळी कॉलेजांची प्रयोग-स्पर्धा दिसत होती.

स्पर्धा मोठी होती. आसपासच्या कॉलेजांतली मुलं प्रयोग घेऊन यायची होती आणि अंतिम फेरी आमच्याच सभागृहात भरणार होती. गौरेश सरांनी ठरवलं, दोन नळ्या ठेवायच्या. पहिलीत ग्लुकोजची पावडर विरघळवलेली. ती पांढरी राहणार. दुसरीत अशा रुग्णाचा नमुना, ज्याने औषध आणि पथ्य नीट पाळलंय. ती गुलाबी होणार.

"असा रुग्ण मिळेल?" सरांनी विचारलं.

"मिळेल काय, घरातच आहे," हर्षा म्हणाली. "माझी आई. गोळी चुकवत नाही. चवथीला एवढ्या गोड नेवऱ्या केल्या, एक तोंडात घातली नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा पिते."

यात तिने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. त्या घरात साखर म्हणजे डब्यात असते ती, एवढीच समजूत होती. जानकीबाईंनी तो डबा खरोखरच सोडला होता. आणि रोज सकाळ-दुपार पेलाभर निरो पीत होत्या.

नमुना द्यायला त्या लाजल्या म्हणे. "शी! असला कोण कॉलेजात नेता?" शेवटी दिला, तोही दोन पिशव्यांत गुंडाळून. त्या दिवशी हर्षाच्या स्कूटरला दोन बाटल्या लटकत आल्या, एक नमुन्याची आणि एक सरांसाठी निरोची. सरांनी घाईने एक बाटली उचलली तेव्हा हर्षा किंचाळली, "सर, ती नको! दुसरी!" सगळी प्रयोगशाळा पोट धरून हसली. ते आमचं शेवटचं मोकळं हसणं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी नळ्या भरल्या. जानकीबाईंचा नमुना माझ्यापर्यंत आला आणि मी ओळखलं. साखर होती. थोडीथोडकी नव्हे, निरोच्या नळीत होती तशी. माझ्याकडे सांगायची एकच रीत आहे. मी गप्प बसलो.

सकाळी हर्षा आणि सर आले तेव्हा दोन्ही नळ्या पांढऱ्या होत्या.

हर्षाने माझी नळी उचलून उजेडात धरली. "बाबू, असा काय रे?" ती म्हणाली. मला वाटलं, आता ती विचार करेल. निरोच्या दिवशी मी असाच पांढरा होतो, हे तिला आठवेल. पण ती रडायला लागली आणि म्हणाली, "सर, हा चुकला."

मी चुकलो! दुसरी शंकाच तिच्या मनात आली नाही. आई चुकली असेल, घरातली समजूत चुकली असेल, यातलं काही नाही. पावसाळ्यात जिने मला घडवलं तिने पहिल्या कसोटीला माझ्यावर बोट ठेवलं.

गौरेश सर खिडकीपाशी गेले. तिथे कँटीनमधून आणलेली आगळाची बाटली होती. ते उन्हाळ्यात हा कोकमाचा लाल खारट रस पाण्यात घालून पितात. त्यांनी एका नव्या नळीत मिठाचं पाणी घेतलं, थेंब थेंब आगळ टाकलं आणि उजेडात धरलं. अगदी माझा गुलाबी.

"सर?" हर्षा म्हणाली.

"अगो, आधी पन्नास वेळा बरोबर आलाय ना? आजही येणारच होता. जीव आहे, उशीर झाला. आपण फक्त थोडी घाई करतोय." तिचंच वाक्य त्यांनी तिला परत दिलं. "पहिल्यांदा आपलं कॉलेज अंतिम फेरीत आलंय. होईल की!"

 हर्षाने माझी नळी काढली आणि माझ्या जागी आगळाची नळी ठेवली. सरांनी नव्हे, तिने स्वतः. नळ्या सभागृहात मांडल्या तेव्हा मला टेबलाखाली, लोंबणाऱ्या कापडाच्या मागे सरकवलं.

तिथून मी सगळं ऐकलं. परीक्षकांनी विचारलं, "हा दुसरा नमुना कोणाचा?" हर्षाने सांगितलं, "माझ्या आईचा. तिला मधुमेह आहे, पण साखर आता पूर्ण ताब्यात आहे." जानकीबाई प्रेक्षकांत होत्या. त्या उभ्या राहिल्या असाव्यात, कारण टाळ्या पडल्या. मग त्या टेबलापाशी आल्या. लुगड्याचा काठ आणि नव्या चपला मला कापडाखालून दिसत होत्या.

"अगे माजे बाये! आगळासारखो रंग!" त्या म्हणाल्या.

सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्याने हसले.

"मी तुका सांगी होतंय ना? माजी साखर गेली म्हणान?" जानकीबाईंचा आवाज आनंदाने भरून आला होता. "आज सगळ्यांनी बघितला."

 पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. आम्हाला म्हणजे आगळाला.

कोणी म्हणेल, स्पर्धाच ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मीही स्वतःला तेच सांगितलं. बक्षिसाची ढाल कपाटात काचेमागे गेली, मी फ्रीजमध्ये गेलो. पण काही दिवसांनी हर्षा सरांकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"सर, आईने गोळ्या बंद केल्या."

"का?"

"म्हणते, साखर गेली, मग गोळी कशाला? मी सांगून थकले. तर म्हणते, तुझ्याच नळीने सांगितलं. सर, मला वाटतं ती नळी बरोबर होती. आई रोज निरो पिते. निरोलाही ती पांढरीच राहिली होती. मी आईला खरं सांगू?"

मी फ्रीजमध्ये कान देऊन होतो. मला कान नाहीत हे ठाऊक आहे, पण त्या क्षणी होते. तिला उशिरा का होईना, कळलं होतं.

गौरेश सरांनी आधी दार लावून घेतलं. "सांगितलंस तर वाड्यावर होईल, वाड्यावरून इथे येईल. ढाल परत द्यावी लागेल. तुझी पदवी अडकेल. माझंही..." मग म्हणाले, "तू असं कर, तिला डॉक्टरकडे घेऊन जा. काहीतरी निमित्त काढ. खरं न सांगताही काम होईल की."

सर दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर मला राग धरायला सोपं गेलं असतं. हर्षाने मान डोलावली आणि गेली. त्यानंतर सकाळी फ्रीज उघडला की ती दुसऱ्या नळ्या काढायची. माझ्याकडे बघायची नाही. "कसो आसस" विचारणं बंद झालं.

डॉक्टरकडे जायचं निमित्त जानकीबाईंनी काढू दिलं नाही. बरी असलेली बाई डॉक्टरकडे कशाला जाईल? बोंडं वेचताना त्यांच्या पायात काटा गेला. त्यांनी हळद भरली आणि पुन्हा डोंगरावर गेल्या. जखम भरेना. चिघळली, पाय सुजला, ताप चढला. मग जयरामांनी टॅक्सीत घालून म्हापशाच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, साखर भयंकर वाढलीय, आता गोळ्यांनी भागणार नाही, रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल. नाहीतर पुढच्या वेळी पाऊल जाईल.

हे मला कळलं ते जानकीबाईंच्याच तोंडून. काल दुपारी त्या प्रयोगशाळेत आल्या. मे महिन्याची सुटी, कॉलेजात शुकशुकाट. एका बाजूने हर्षाने धरलेलं, दुसऱ्या बाजूने जयरामांनी. पायाला पट्टी. हातात पिशवी, आणि पिशवीत बाटली. यावेळी त्या लाजत नव्हत्या.

स्टुलावर बसून त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "हर्षा, माका परत एकदा करून दाखय."

"आये, डॉक्टरांनी सांगला ना..."

"डॉक्टर सांगता साखर चढली. तुज्या नळीन सांगल्यान साखर नाय. माजो तुज्या नळीर भरवसो आसा. तिणां नाय म्हटल्यान तर मी सुई घेवचंय नाय."

जयराम दाराकडे बघत होते. ते हळूच म्हणाले, "कर बाय. दोन दिवस झाले, सुईक हात लावूक देना नाय."

किती दिवसांनी माझ्यावर कोणी भरवसा ठेवत होतं! तोही सगळ्या जगाविरुद्ध. अन्याय एवढाच की ज्या नळीवर त्यांचा भरवसा होता ती मी नव्हतो, ते आगळ होतं.

हर्षाने मला बाहेर काढलं.  तिने नमुना घातला, नळी ठेवली आणि म्हणाली, "उद्या सकाळी कळतला." तिघं गेली.

मी माझं काम केलं. त्याच साखरेला तोंड द्यायचं होतं आणि माझ्याकडे तीच एक रीत होती.

आज सकाळी तिघं परत आली. नळी पांढरी होती. जयराम गाडी सावलीत लावायला गेले. जानकीबाई स्टुलावर बसल्या आणि नळीकडे टक लावून राहिल्या. "रंग कधी येतलो?"

हर्षाने खिडकीकडे पाहिलं. आगळाची बाटली अजून तिथेच आहे, अर्धी भरलेली. मला धडकी भरली. तिने एकदा केलं होतं, पुन्हा करायला वेळ लागला नसता. आई पाठमोरी होईपर्यंत थांबायचं आणि दोन थेंब टाकायचे. मग जानकीबाई आनंदाने घरी गेल्या असत्या आणि त्यांचं पाऊल गेलं असतं, कदाचित त्याही.

पण तिने नजर काढून घेतली. बाटलीला हात लावला नाही. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी तिला सगळं माफ केलं. टेबलाखालचा तो दिवस, न विचारलेली ख्यालीखुशाली, सगळं. आता ती सांगेल, आये, पांढरी म्हणजेच साखर. त्या दिवशीही पांढरीच होती. रंग मी घातलेला. मी वाट बघत राहिलो.

"आये, रंग येवचो नाय," हर्षा म्हणाली.

"कित्याक?"

 ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ता बिघडलेला आसा. पयल्यापासून बिघडलेला. त्या दिवशी रंग आयलो तो पण चुकून. डॉक्टर सांगता ताच खरा."

जानकीबाई नळीवरून नजर काढून हर्षाकडे वळल्या. "म्हणजे तेव्हा माका खोटा सांगल्यान?"

"होय."

"हेणां?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"होय आये. हेणां."

जानकीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पाहिलं, आगळाला नव्हे, मला. "आणि मी सगळ्या वाड्यार सांगत फिरलंय!" त्या म्हणाल्या. मग पट्टीवरून हात फिरवला. "माजा बोट गेला ह्या मेल्याच्यापायी." त्यांचे डोळे भरले. पदराने पुसून त्या उठल्या. "चल. घेतंय मी ती सुई. टाकून दी ह्या."

हर्षाने त्यांना धरून गाडीपर्यंत नेलं. जिवंत जंतू टाकण्याआधी उकळून मारावे लागतात, म्हणून परत येऊन तिने कुकर काढला. फ्रीझरमध्ये माझ्या जंतूची आणखी एक नळी जपून ठेवलेली होती, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी. तीही आणली. आम्ही दोघं आता शेजारी शेजारी आहोत. झाकण लावताना तिने एकदा आत पाहिलं. बाबू म्हणाली नाही.

मला जानकीबाईंबद्दल तक्रार नाही. त्या सुई घेणार आहेत हे ऐकून मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. याचसाठी तर मला पट्टा लावून आणलं होतं. पण हर्षापाशी त्या वेळी दोन वाक्यं होती. मी खोटा, हे एक. मी खरा होतो आणि खोटी तू होतीस, हे दुसरं. दोन्ही वाक्यांनी आई सुईपर्यंत पोचलीच असती. हर्षाने स्वतःला न लागणारं वाक्य निवडलं, आणि मला कळत नाही की जिने मला चवथीलासुद्धा उपाशी ठेवलं नाही तिला हे जमलं कसं. ढाल कपाटात आहे. ढालीवर माझं नाव आहे, आणि आता मीच खोटारडा आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या हातात उद्या माझ्यासारखी एखादी नळी आली तर तिला बक्षीस देऊ नका, टाळ्या नकोत. ती पांढरी राहिली तर टाकून द्यायच्या आधी एकदा घरी जाऊन विचारा, आज काय प्यालात? एवढंच मागणं आहे. हर्षाने त्या सकाळी एवढं विचारलं असतं तर एक करंगळी वाचली असती.

पाणी उकळायला लागलंय. वाफ आत शिरतेय, आणि भोवतालचे जंतू एकेक करून शांत होतायत. हर्षा बाहेर गॅसपाशी उभी आहे, तिची चाहूल लागते. या नळीत तिच्या आईची साखर अजून शिल्लक आहे. मी अजून पांढराच आहे.